शेरा

शाळेच्या गच्चीवर पंप घुरघुरतो
आणि मी शेजारी डबा उघडून बसतो.
आठ तासांनी कागद बदलायचा.
पांढरा जातो, करडा येतो.
आधी वजन, नंतर वजन,
मधला फरक म्हणजे भुसावळची हवा,
चार दशांश स्थळांपर्यंत.

सतरा वर्षं हेच करतोय.
सुरुवातीला कागद इतका काळा निघायचा
की साहेब विचारायचे,
तडवी, तव्याला पुसला का?
आता निघतो तो फिकट,
उन्हाळ्यातल्या तापीच्या वाळूसारखा.

वरून पत्र आलंय: दहा वर्षांचे आकडे पाठवा.
देशाची मिळकत किती वाढली, धूळ किती घटली
ते एकाच आलेखावर मांडायचंय.
एक रेषा वर, एक खाली,
उघडलेली कात्री.
माझे आकडे खालच्या पात्यात नीट बसतात.
खोटं नाही त्यात.
वजनं मीच केलीत.

पण जुन्या दोन चिमण्या बंद झाल्या
त्या वर्षापुढे काय लिहू?
गेटसमोरचा लोटन फालक म्हणाला होता,
"धूर कमी झाला भो,
पन चहाबी कमी खपतो."
त्याचा पोरगा आता परजिल्ह्यात,
तिथल्या नव्या चिमणीखाली.
फोनवर एकदा मला विचारत होता,
काका, इकडचा कागद कोण बदलतं?

आणि राख?
राखेच्या विटा झाल्या.
आमची अख्खी वसाहत त्याच विटांची.
भिंतीत खिळा ठोकला
की मागची वर्षं गळतात
भुरभुर, थेट चादरीवर.

काल द्वारकाबाई फिरके
पलीकडच्या गच्चीवर बिबड्या घालत होत्या.
पूर्वी वरून जुनं पातळ झाकायच्या,
तरी तळताना कढईच्या बुडाशी काळं बसायचं.
यंदा उघड्याच.
कठड्यावरून एक वाळलेली माझ्या हातावर ठेवली,
"खाय, नि सांग."
मी डोळे मिटून चावली, समितीवरच्या तज्ज्ञासारखी.
ज्वारी. तीळ. लसूण.
मिरची जरा जास्तच.
आणि अगदी शेवटी, दाढेखाली,
बारीक, कच्च.
"लागलं ना?"
एकदाच, म्हणालो.
"मंग! आधी घासाघासाला व्हतं."
आणि परत पळी फिरवू लागल्या.

संध्याकाळी चिमट्याने कडा धरून कागद काढला.
तारीख, वेळ, वारा पश्चिमेचा.
शेऱ्याचा रकाना दोन बोटांएवढा.
लिहिलं: सुधारणा आहे.
मग पेन तसंच टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

खाली हायवेवर केळीचे ट्रक
दिवे लावून दिल्लीकडे निघाले होते,
एकामागून एक, भरलेले,
मागे धुळीची शेपटी.
मी पंपाचं झाकण उचललं
आणि नव्या कागदाचं सुरुवातीचं वजन
पुन्हा एकदा वाचून घेतलं.