कुडवभर

रविवारी दहाला आता कुठे जायचं हे ठरलेलं नसतं,
म्हणून आम्ही बोस्त्यांवच्या गॅरेजमागे जमतो,
पाचजण, कधी सात.
फणसाखाली दोन बाकं, एक ट्रकचं टायर.
चहा येतो, उंडे येतात,
आणि पहिला घोट घेण्याआधी
सगळ्यांचे डोळे आपसूक मिटू लागतात.
मग कुणीतरी खोकतं.

खाणी बंद पडल्या त्याच्या पुढच्या वर्षी तो आला.
कुडचड्यात तेव्हा उभ्या ट्रकांच्या चाकांतून गवत वाढत होतं,
आणि बँकेची माणसं दारात उभी राहायची,
पाणी दिलं तरी घ्यायची नाहीत.
तो प्याला.
आईच्या पायांची सूज विचारली, नाव लक्षात ठेवलं,
एवढंच.
बाकीचं आम्हीच केलं.

बाप्तिस्मा खाणीच्या खड्ड्यात झाला.
इतकं हिरवं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.
आत शिरले आनंदी वेळीप, वर आले रिबेका.
नखांतला तांबडा चिखल आठवडाभर निघेना.
तो म्हणाला, जुना स्वभाव आहे, हळूहळू जाईल.

येसोने त्याच महिन्यात घरातला देव नदीत सोडला.
आता ओहोटीला काठाकाठाने फिरतो,
विचारलं तर म्हणतो, तिसऱ्या काढतोय.
आज मात्र एकदम बोलला:
नुसता दगड होता ना तो?
मग सोडताना माझे हात का थरथरले?
आणि हात थरथरताना
तुम्ही सगळे टाळ्या कशाला वाजवत होतात?

गाणी चांगली होती पण, इश्पेरांस म्हणते.
हो. गाणी चांगली होती.

माझं अक्षर मराठी शाळेतलं, वळणदार,
म्हणून दशांशाची वही माझ्याकडे.
कोण किती, कोण उशिरा, कोण गप्प.
बोस्त्यांवने ट्रक विकला त्याचा दहावा भाग मीच लिहिला,
कर्ज वजा न करता.
विचारलं होतं मी. एकदाच.
'देव तुला ऊन देताना कर्ज कापून घेतो काय?'
सगळे हसले.
मीही.

पियेदाद क्वचित बोलते.
तिच्या घोवाची साखर चारशेवर गेली होती,
आणि आम्हाला शिकवलं होतं, सुई म्हणजे संशय.
तिसऱ्या आठवड्यात सांतान गेला.
चार दिवस मडगावच्या शवागारात होता.
सोडलेल्या इगर्जीची माती मिळेना,
आणि नव्यांनी माती घेतलीच नव्हती,
कारण आपण मरायच्या आधीच तो येणार होता ढगांवरून.

विश्वास कमी पडला, असं तिला सांगितलं गेलं.
पेटीशेजारी. सर्वांदेखत.

ती कप खाली ठेवते.
किती कमी पडला?
माझी सासू भात कुडवाने मोजायची,
वरून तळहात फिरवून, एक दाणा इकडे ना तिकडे.
सांतानचा कुणी मोजला?
कुडव कुणाच्या घरचा होता?
वरून हात कुणी फिरवला?

बोस्त्यांव रस्त्याकडे बघतो. येसो नदीकडे.
मी उंडा चहात बुडवते
आणि तो तुटून तळाशी जातो.

वही माझ्याकडे होती.
सांतानच्या नावापुढे एक शब्द लिहायला सांगितला होता मला,
त्याने चोरून एक इंजेक्शन घेतलं त्या दिवशी.
संशयी.
मी लिहिला. अनुस्वार नीट दिला.

पियेदादच्या फ्रिजच्या दारात
अजून दोन बाटल्या आहेत, लोण्याच्या बाजूला.
मुदत संपली, तरी ती टाकत नाही.
मी पाणी घ्यायला दार उघडते
तेव्हा त्या एकमेकींवर किणकिणतात.

तिला सांगितलेलं नाही अजून.
आजही नाही.

उरलेला उंडा मोडून
मोठा तुकडा ती माझ्याकडे सरकवते:
घे गे, रिबेका.
मग जीभ चावते. आनंदी, आनंदी.

मी दोन्हींना ओ देते.