वेलीआडचा हिरवा

कमिटीचं पत्र आलं मे महिन्यात:
तेरा नंबरच्या बागेचं कुंपण
संत हान्सच्या रात्रीआधी रंगवून व्हावं.
खाली प्रेबेनची सही, शेपूट लांब ओढलेलं.

स्वेनिंगच्या खुब्यात नवा सांधा बसवलाय, टायटॅनियमचा.
सहा आठवडे वाकायचं नाही, शिडीचं नाव काढायचं नाही.
म्हणून तो घडीच्या खुर्चीत, डोक्यावर टोपी,
आणि ब्रश, लग्नानंतर पहिल्यांदाच, माझ्या हातात.

"आधी वेल सोडव," तो सांगतो.
"कापायची नाही. एकेक देठ मोकळा करायचा.
जमिनीवर चादर, चादरीवर वेल,
मग घासायचं, पुसायचं, आणि मग रंग.
दर तीन वर्षांनी मी असंच करत आलोय."

ही मोरवेल सासूबाईंनी लावलेली.
तिला तणावे नाहीत.
पानाचा देठच ती गुंडाळते खिळ्याभोवती, फळीभोवती,
स्वतःच्याच गेल्या वर्षीच्या वाळक्या काडीभोवती,
आणि एकदा गुंडाळला की त्याचं लाकूड होतं.
स्वेटर उसवताना पहिला टाका शोधावा
तशी मी नखांनी टोक शोधते.
सुटतात थोडे. बरेच मोडतात.
कट्.
खुर्चीतून खोकला येतो.
"हळू."
"हळूच करतेय."
"मला आवाज येतोय."

लिमफ्योर्डवरून वारा येतो, डिझेलचा वास घेऊन.
पलीकडे गुद्रून ऱ्हुबार्ब कापता कापता
सुरी हातातच ठेवून बघत राहते.

दोन वाजता पहिला हातभर पदर सुटला
आणि मागे हिरवा दिसला.

हिरवा!
आम्ही काळा लावायला लागलो
ते मेट्टे शाळेत जाऊ लागली त्या वर्षी.
मेट्टेचे आता गुडघे दुखतात.

आणखी एक पदर सोडवला. आणखी हिरवा.
कडेने काळा, जपून फिरवलेला,
वळणाला वळण, पानाला पान,
भूगोलाच्या वहीत बेटाभोवती समुद्र भरावा तसा.
त्याच्या बाहेर काळ्याचे दोन थर, मग तीन, मग जाड,
बोट फिरवलं की पायऱ्या लागतात.
पहिल्या पायरीवर वेल माझ्या कंबरेएवढी होती.
पुढच्या पायरीला खांद्यापर्यंत.
त्यानंतर तिनं वरची फळी ओलांडली असणार.

बहिणीच्या नवऱ्याला मी ऐकवलं होतं,
कुंपण रंगवावं तर आमच्या स्वेनिंगनं.
दर वेळी संध्याकाळी पॅनकेक केले,
घरी टिकवलेल्या जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर.
हिशोब केला तर सोळा वेळा.

"स्वेनिंग," मी म्हणते. "दर तीन वर्षांनी?"

तो थर्मासचं झाकण लावतो.
उघडतो. आत बघतो. परत लावतो.
"कळ्या असायच्या तिला," तो म्हणतो.
"रंगवायची वेळ आली की नेमक्या कळ्या."

तेवढ्यात सायकलवरून प्रेबेन.
एक पाय जमिनीवर टेकून: "चाललंय ना काम?"
"चाललंय," आम्ही दोघं एकदमच.
रस्त्यावरून त्याला दिसतात ती पानं,
आणि पानांच्या कडेला, शपथेवर सांगावं असा, काळा.

तो गेल्यावर मी चादरीवरची वेल उचलते,
जशी होती तशी हिरव्यावर टेकवते,
लोकरीच्या दोऱ्यानं दोन ठिकाणी बांधते.
घट्ट नाही. दोरा सासूबाईंच्याच टोपलीतला.
डब्यातला रंग ढवळते.

"ब्रशवर कमी घे," खुर्ची बोलते.
"आणि नुसत्या ब्रशनं नाही जमायचं.
शेडमध्ये जा. दाराच्या डाव्या अंगाला,
फावड्याच्या मागे, खिळ्याला."

खिळ्याला एक पत्र्याचा तुकडा आहे,
कोकोच्या डब्याचा, हलकासा वाकवलेला,
पानाच्या आड सरकवता येईल एवढा.
एक कड काळीकुट्ट, थरावर थर.
इतकी वर्षं मला वाटत होतं
तो गोगलगायी खरवडायचा आहे.