फक्त वाचण्यासाठी

हर्णै बंदर. बर्फाच्या कारखान्याची माडी.
सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकच फाईल, नऊशे एमबीची.
बारा वर्षांची नौका-नोंदवही
दावूद मिरकरने तिच्यात दाबून दाबून बसवली
आणि मस्कतला जहाजावर चढला.
जाताना कपाटाच्या किल्ल्या दिल्या,
रूटचा पासवर्ड खिशातच राहिला.

समोर बाकड्यावर हिरुबाई पावशे,
पायाशी रिकामी पाटी.
"होडी माझ्या नावावर कधी चढली, तेवढं काढ.
पुतण्या म्हणतो, चढलीच नाही."

माउंट म्हटलं.
मशीन म्हणालं, हे काम रूटचं.
नसू दे मालक,
मागच्या पडवीतूनही घरात शिरता येतं.
साध्या यूजरच्या हक्कात जोडून देणारा
एक छोटा प्रोग्राम होता.
त्याला रिकामं फोल्डर हवं होतं, दिलं.
तर म्हणे, सुपरब्लॉक सापडत नाही.

अशा फाईलची पहिली चार अक्षरं ठरलेली असतात:
एच, एस, क्यू, एस.
उघडून पाहिलं तर तिथे भलतंच.
दावूदने पुढे स्वतःची स्क्रिप्ट चिकटवलेली,
सुरमईच्या टोपलीवर बर्फ रचावा तशी.
मी बर्फ उपसत गेले.
एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार तीनशे ब्याण्णवाव्या बाइटवर
माशाचं डोकं लागलं.
म्हटलं, इथून पुढे वाच.

तरी अडलंच.
दाबण्याच्याही जाती असतात,
सुका बोंबील उन्हाचा, खारा बांगडा मिठाचा,
आणि माझ्या प्रोग्रामला ही जात ठाऊकच नव्हती.
नवा उतरवायला रेंज हवी.
रेंज खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातच येते,
म्हणून फोन गजांमधून बाहेर धरून उभी राहिले.
खाली लिलावाचे आकडे ओरडले जात होते.
हिरुबाईने विचारलं, "मासळी बघतेस की काय?"

मग उघडलं.
सगळं एकदम सुटत नाही हां,
ज्या पानाला हात लावू तेवढंच
पाण्यात टाकल्यासारखं फुगून वर येतं.
दोन हजार बारा. तेरा.
चौदाला हात लावला आणि
मेमरी संपली म्हणून सिस्टीमने
नेमका तोच प्रोग्राम मारून टाकला.

फोल्डर जागेवर, नावापुढे नुसती प्रश्नचिन्हं.
पलीकडचं टोक जोडलेलं नाही, असं मशीनचं म्हणणं.
दोर हातात आणि होडी गेलेली.
आधी हे सोडव, मग नवं बांध.
सोडवायला गेले तर: व्यस्त आहे, आत कोणीतरी आहे.
कोण असणार आत?
वीस मिनिटं शोधलं.
दुसऱ्या खिडकीत मीच
त्या फोल्डरात बसून राहिले होते.

बाहेर आले. सोडवलं. पुन्हा जोडलं.
नऊ सप्टेंबर चौदा, पान एकशे सहा,
होडीचा नंबर बरोबर, नाव: हिराबाई पवशे.

"पवशे नाय, पावशे. काना घाल."
म्हटलं, नाही घालता येत.
हे फक्त वाचण्यासाठी आहे.
मला नाही, रूट परत आला तरी त्याला नाही.
आत एकदा बसलं ते बसलं.

ती बराच वेळ त्या चुकीकडे बघत राहिली.
"म्हणजे पुतण्याला पण नाय?"
नाही.
"मग असू दे पवशे."

प्रिंट घडी करून तिने पदराच्या टोकात बांधली
आणि लिलाव संपायच्या आत जिना उतरली.

मी अनमाउंट केलं. फोल्डर परत कोरं.
दावूदला लिहिलं:
पुढच्या खेपेला कुठून सुरू होतं, कशाने दाबलंय,
एवढं तरी एका चिठ्ठीवर लिहून जा रे.
निळ्या दोन खुणा आल्या.
उत्तर नाही.
पाळीवर असेल.