सहाव्या कट्ट्यातली दहावी

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी
नावाच्या आधी वेळ विचारली.
"शेवटचं नीट कधी बोलल्या?"

मी कारखान्यात होतो,
टॉवेलच्या किनारीला लाल दोरा भरत.
यंत्रमागांच्या खडखडाटात
आईच्या बोलण्याची वेळ
कोण लिहून ठेवतं?

पण निघताना सूप पाहिलं होतं मी.
लहानपणापासून मोजत आलोय,
डोळे आपोआप मोजतात.
पाच कट्टे बांधलेले.
सहाव्यातल्या नऊ विड्या घट्ट, सरळ.
दहावी सैल,
दोरा अर्ध्यावर सुटलेला,
तोंडातून जर्दा सांडलेला.
अकरावीचं पान नुसतंच कापलेलं.
तासाला शंभर वळते अम्मा,
दहाला बसली असेल तर...

"विड्या राहू द्या," बाई म्हणाल्या,
"कुणी डोळ्यांनी पाहिलं?"

जैनब नदाफनं पाहिलं होतं.
नळ जाताना, दहाला, बादलीवरून
दोघी भांडल्या होत्या.
बाईंनी कागदावर दहा लिहिलं.
मी उगाच हिशोब धरून बसलो, अकरा वीस.

त्याच जैनबनं
दुपारी साडेबाराला भांडण मिटवायला म्हणून
वाटीभर कालवण आणलं,
तर अम्मा भिंतीला टेकलेली,
ओठाची एक बाजू खाली ओघळलेली.
आशाताई आहे ती, चार वस्त्या फिरते.
कालवण खाली ठेवून म्हणाली, "हस बघू, नागमणी."
अर्धंच हसू आलं.
"दोन्ही हात उचल."
डावा उठला. उजवा, रोज हजार विड्या वळणारा,
मांडीवर पडून राहिला,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
"बोल, आज नळाला पाणी आलं होतं."
अम्मा जे बोलली ते मराठी नव्हतं,
तेलुगूही नव्हतं.

विडी घरकुलाची गल्ली जमली.
"वारं गेलंय," मल्लेशममामा म्हणाले,
"चादर पांघरा, पंखा बंद करा."
कबूतर कुठं मिळतं, यावर दोघांची चर्चा.
कुणीतरी तांब्या तोंडाशी नेला.
जैनबनं तो हिसकावला.
"गिळता येत नाहीये तिला, छातीत जाईल पाणी.
कूस करून निजवा. कबूतर उडू दे.
एकशे आठला लावलाय फोन."

मार्केट यार्डासमोर कांद्याचे ट्रक आडवे.
सायरन वाजतोय आणि एक हमाल
पाठीवरच्या पोत्यासकट
रस्त्यात उभा राहून ट्रकवाल्यांना शिव्या देतोय,
आमच्यासाठी.
त्याचं नाव विचारायचं राहिलं.

आधी डोक्याचा फोटो.
रक्त सांडलंय की अडलंय, ते कळल्याशिवाय
सुई नाही.
अडलं होतं.
साडेचार तासांतले तीन संपले होते.
गुठळी विरघळेल, बाई म्हणाल्या,
कधी कधी रक्तस्रावही होतो, सही करा.
मी सही केली. हात माझाही उचलत नव्हता.

रात्री पिशवी उपसली तर
प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी निघाली.
प्रत्येक गोळी नखानं मोडलेली.
महिन्याची पट्टी दोन महिने पुरवायची,
वर शेंगाचटणी, वर लोणचं,
आणि चाळीस वर्षं नाकात जर्द्याची धूळ.
मला ठाऊक नव्हतं
असं म्हणता येत नाही.
ठाऊक होतं. माग चालू होता.

आता चौथा महिना.
पाय येतो, दारापर्यंत, भिंत धरून.
मराठी अजून यायची आहे.
वाचा शिकवणाऱ्या ताई चित्र दाखवतात, कप, कुलूप, गाय,
अम्मा त्यांच्याकडे बघून
नवीन सुनेसारखी लाजते.
मग मीच रिकामं सूप मांडीवर दिलं,
आत चिंचोके टाकले.
ओकटी, म्हणाली. रेंडू.
मूडू.
नालुगुपाशी थांबली, ओठ हलत राहिले,
आणि दारातून जैनब ओरडली, "ऐदू गं, ऐदू!"
तिचा उच्चार ऐकून
अम्मा हसली.
या वेळी अर्ध्याहून थोडं जास्त.

सकाळी गोळी देतो.
ती सवयीनं नख लावायला जाते,
उजव्या हाताला अजून जमत नाही.
अख्खीच गिळते.