एक हात खिशात

उद्यमनगरात इलाहीभाई मुल्लाणी
पंपाच्या मोटारी भरतात.
माझ्या पट्ट्यांचा गठ्ठा तोलून म्हणाले,
'नऊ किलो! आन् पानी किती फूट चढवनार ह्येनं?'
पाणी नाही, आवाज.

तरी भरला ट्रान्सफॉर्मर,
वेढे ओठांवर मोजत, मधे चहाला नाही म्हणत.
गाभ्यात कागदाएवढी फट हवी होती;
लेकीच्या लग्नाची उरलेली पत्रिका
त्यांनी कात्रीनं कापून घातली.

गंगावेशीतली माडी. हजार व्होल्ट.
एक हात खिशात, हा नियम.
व्हॉल्व्ह पेटला, गोठ्यातल्या दिव्यासारखा.
घुमत राहिला. अर्थिंग हलवलं. गप्प.

मग सारंगी,
आणि दोन सुरांमधे
वाजवणाऱ्यानं नाकानं ओढलेला श्वास.

खिशातल्या हाताला
पत्रिकेचं उरलेलं टोक लागलं.
अगत्य येण्याचे करावे.

अकरा वाजलेत. तरी जातो बोलवायला.