निधन वृत्त

"शब्द कमी करा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
"चाळीसच्या वर गेलं की दर बदलतो."

केरबा ज्ञानू पोवार (वय ७४, रा. गंगावेश) यांचे
अल्पशा आजाराने... हे त्यानंच घातलं.
अल्पसा नव्हता, दादा.
चार वर्षं भिंत धरून न्हाणीपर्यंत जायचात
आणि कुणी विचारलंच तर,
'गुडघा कुरकुरतोय जरा.'

मी घरनं लिहून आणलं होतं:
रात्री कट्ट्यावर म्हस बांधून
गिऱ्हाइकासमोर धार काढायचे.
फेस मापात धरायचे नाहीत.
मॅच हरून आलेल्या पोरांना पेला फुकट,
जिंकलेल्यांकडनं रोख पैसे.
मुलानं सगळं वाचलं, हसला,
मग रेघ मारली.

"पश्चात?"
पत्नी, मुलगी, जावई, दोन नातवंडं.
आणि हिरा, मी म्हणाले.
"बहीण का?"
राहू दे.

तो 'पवार' टाइप करत होता.
तेवढ्यापुरता माझा आवाज चढला.
रेशनकार्ड, मतदार यादी, दवाखान्याचा केसपेपर,
जन्मभर तुम्ही ते पेनानं दुरुस्त करत आलात.
पोवार. प-ला काना-मात्रा. हां.

रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी नऊ वाजता.
एकोणचाळीस झाले.
उरलेल्या एका शब्दासाठी उभी राहिले
तर मागचा माणूस खोकला.

घरी हिराची धार राहिली होती.
माझा हात तिला परका,
म्हणून तुमचा सदरा चढवून बसले.
तिनं बाही हुंगली
आणि मान वळवून
बराच वेळ दाराकडं बघत राहिली.