दोन थापा

कोण कुठल्या दलाचा, मला वर्दीवरून नाही कळत.
कुठे दुखतं, एवढंच विचारते.
पायदळाचा असेल तर गुडघा.
नौदलाचा असेल तर कोपर, नाहीतर कपाळ.
बोटीच्या बोळकांडीत भिडायला शिकलेला माणूस
मोकळ्या हॉलमध्येही मान घालून उभा राहतो,
जणू डोक्यावरून पाईप गेलाय.
हवाई दलाची पोरं धावपट्टी राखणारी,
नजर कायम लांब;
जवळ आलेला माणूस त्यांना दिसेपर्यंत
बरगडीत गुडघा बसलेला असतो.
तटरक्षक दलाची तेजल निजाई आली
ती दोरखंडाने सोललेले तळवे घेऊनच.

कुलाब्याच्या टोकाला, मुंबई संपते तिथे, हा हॉल.
पहाटे चटया अंथरतात, रात्री उभ्या करतात,
पण खाऱ्या हवेत त्या कधी पुरत्या वाळत नाहीत.
डेटॉल, घाम, आणि वारं फिरलं की
आमच्या वाडीच्या वलांडीवरचे बोंबील.
परगावची पोरं नाक दाबतात.
मी नाही.

डफळे सुभेदार बोलतात मोजकं.
"अंतर मोडा.
बंदुकीला अंतर लागतं, हाताला नाही.
त्याचा श्वास तुमच्या कानाला लागला
की तुम्ही पोचलात."
हातात निळी रबरी सुरी,
टोक कधीचं चावल्यासारखं झालेलं.

पहिल्या आठवड्यात जो तो आपलंच खरं करायचा.
जमिनीवर पाडा, म्हणाला पायदळाचा.
कुठली जमीन? म्हणाला मुरूडचा नझीम उलडे,
आमच्याकडे लोखंड असतं, तेही ओलं.
आणि विमानाच्या पोटात पाडायचं कुठे,
सामानावर? म्हणाला तपन महांती.
सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं.
चार बाकं मागवली, दोन-दोन समोरासमोर,
मधे हातभर वाट,
वाटेत साबणाच्या पाण्याची बादली उपडी.
"या आता."
तिन्ही दलं एकावर एक.
कुणाचा पाय कुणाच्या बगलेत, कळेना.
त्या दिवशी पहिल्यांदा हसली सगळी.
माझ्या वहीत मात्र अकरा नावं.

नियम एकच:
सुटायचं असेल तर चटईवर दोन थापा.
ऐकल्या की सोडायचं, तिथल्या तिथे.

चौथ्या आठवड्यात नझीम खाली,
मानेभोवती नाईक बिक्रम थापलियालचा हात.
नझीमचे दोन्ही हात त्याच्याच अंगाखाली अडकलेले.
बिक्रम थापेची वाट बघत होता,
शिकवल्याप्रमाणे, नेमकी, मन लावून.
मी कोपऱ्यात बर्फ फोडत होते.
मला दिसली ती टाच.
उचलली, आपटली.
उचलली.
मी ओरडले ते आमच्या कोळणींच्या आवाजात,
धक्क्यावर बोट अंगावर आली की ओरडतात तसं.

बिक्रमने सोडलं.
मग मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून बसला,
दुसऱ्या कुणाचं सामान
आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखा.

नझीमच्या मानेवर मी मलम चोळत होते
तेवढ्यात मुरूडहून त्याच्या आईचा फोन.
घसा बसलेला, तरी म्हणाला,
"स्टोअरमध्ये टाकलंय गं मला, कागदाचंच काम."
एक थाप.
फोन ठेवून माझ्याकडे बघितलं.
"काही नाही रे," मी म्हणाले, "आठवड्यात बरं होईल."
ही दुसरी.

संध्याकाळी सुभेदारांना विचारलं,
इथे आम्ही ऐकतो, बाहेर कोण ऐकतं थापा?
ते चिकटपट्टीचं टोक शोधत होते,
नखाने खरवडत, गोल गोल फिरवत.
सापडलं नाही.
की सापडलेलं होतं, कोण जाणे.

मग मी चटया बाहेर काढल्या, कठड्यावर टाकल्या,
वाळू निघावी म्हणून हाताने झोडल्या,
एकदा, दोनदा.
खाली पायरीवर बिक्रम बूट बांधत होता.
त्याचे दोन्ही हात चटकन वर आले,
रिकामे.
नाड्या तशाच लोंबत राहिल्या.